गुहेची दृष्ट

२ फेब्रुवारी
तासगावजवळच्या डोंगरातली गुहा. वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडताना मोजली. अंदाजे आठशे! इथून द्राक्षबागांत किडे खायला जातात, तेच माझं संशोधन. २८ तारखेला अनुदान देणारी समिती गुहा बघणार. पसंत पडली की प्रोजेक्ट माझं, आणि जूनपासून प्राणिशास्त्राचा विभागप्रमुखही मीच.

५ फेब्रुवारी
सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात, सन्मती सरांनी सहज विचारलं, किती निघाली. मी बावळटासारखा खरा आकडा सांगून बसलो. त्यांनी डोळे मोठे केले. प्रमुखपदासाठी आम्ही दोघेच आहोत. त्यांचे डोळे मला आधीपासूनच आवडत नाहीत.

९ फेब्रुवारी
सहाशेच. नजर लागली! मी विज्ञानाचा माणूस, असलं काही मानत नाही. पण खबरदारी घ्यायला काय हरकत? गुहेच्या तोंडाशी निखाऱ्यांवर मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या टाकल्या. बायको विजयमाला पोरीची दृष्ट काढते तश्शा. नियम सोपा आहे. ठसका लागला तर नजर नव्हती, नाही लागला तर होती. मला अजिबात लागला नाही. सन्मती सापडला!
(संसर्ग नको म्हणून गुहेत डबल मास्क. शिस्त म्हणजे शिस्त.)

१४ फेब्रुवारी
तीनशे. नजर जबर दिसते. मिरच्या तिप्पट केल्या, पार आत नेऊन जाळल्या. तरी ठसका नाही. खाली शेरडं राखणाऱ्या बनाबाई विचारत होत्या, सायेब, आत काय जाळताय वो, माजी शेरडं बी लय शिंकाय लागल्यात. यांना कुणी पाठवलं? सन्मतीची सासुरवाडी इकडचीच आहे.

२० फेब्रुवारी
चाळीस. सन्मती म्हणतो, मदतीला येऊ का. काय हिंमत! आता कुणी आकडा विचारला की मी "बारा" सांगतो.

२७ फेब्रुवारी
आज शेवटची, निर्णायक दृष्ट. अर्धा किलो लवंगी मिरची. ठसका नाही. उद्या बघून घेऊ.

२८ फेब्रुवारी
शून्य.
समितीच्या अध्यक्षबाई गुहेत शिरल्या आणि खोकत बाहेर आल्या. मागोमाग बाकीचे. मी आनंदाने ओरडलो की ठसका लागला, नजर उतरली! कुणालाच आनंद झाला नाही. सन्मती सरांनी सगळ्यांना पाणी दिलं. मग बिचकत सांगितलं की डोंगरापलीकडे त्यांच्या मामांचं बेदाण्याचं जुनं, बंद गोदाम आहे, तिथे दोनेक आठवड्यांपासून शेकडो वटवाघळं उतरलीत. समिती तिकडे गेली. गाडीत जागा नव्हती म्हणे. मी एसटीने सांगलीला आलो.

घरी विजयमालाने माझा चेहरा बघून माझीच दृष्ट काढली. दोनच मिरच्या. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. ती खूश. म्हणाली, बघा, तुम्हाला कुणाचीच नजर नाही.

मास्क खुंटीला लटकत होता. गुहेत मी तो एकदाही काढला नव्हता. वटवाघळांना मास्क नव्हते.

जेवण गेलं नाही.