यतिभंग

१२ नोव्हेंबर

चि. भोंगा,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्ता इतका तिरका लिहिला होतास की पोस्टमनने तो मान वाकडी करून वाचला असणार. गाणाऱ्या माणसाला अक्षर नसलं तरी चालतं, हा गैरसमज तुझ्या विद्यालयात शिकवत असतील तर कळव, मी प्राचार्यांना लिहितो.

शेवटच्या वर्षाच्या संगीत नाटकात तुला आईची भूमिका मिळाली, हे वाचून आम्हा दोघांना आनंद झाला. बाविसाव्या वर्षी तू म्हातारी होणार, छातीच्या दुखण्याने अंथरूण धरणार आणि गाता गाता मरणार. आमच्या संस्कृत नाटकांत रंगमंचावर मरण दाखवू नये असा संकेत होता. माणसं आत जाऊन मरत, आणि कोणीतरी बाहेर येऊन तसं सांगत असे. मला तो संकेत नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं आणि मग चष्मा लावून स्वतः वाचलं, मी पदरचं काही घातलं नाही ना हे बघायला. गाद्यांच्या कारखान्यातून तिने सध्या रजा घेतली आहे. इतकी वर्षं कापूस पिंजला, आता जरा बसते म्हणाली. खोकला आहे, पण तो काही आजचा पाहुणा नाही. फोनवर ती का येत नाही, असं तू विचारलंस. फोन खाली औषधवाल्याच्या दुकानात, आपण तिसऱ्या मजल्यावर. आणि गिऱ्हाइकांच्या देखत ओरडून माया करणं ताईला जमत नाही. मी आहेच तिचा कारकून.

आणखी एक. गेल्या वर्षी माझा घोटा मोडला म्हणून तू तालीम टाकून धावत आलीस आणि तुझी भूमिका दुसरीला गेली. ताईने माझ्या घोट्याला अजून माफ केलेलं नाही. यंदा घराचं छप्पर कोसळलं तरी यायचं नाही, असं तिने बजावलं आहे.

तिचा निरोप तिच्याच शब्दांत. बोलताना ती जिथे श्वासाला थांबते तिथे उभा दंड घातला आहे. पोरांना वृत्तं शिकवून हाताला ती खोडच लागली आहे. ‘भोंग्याला लिही की | रात्री ओले केस घेऊन | झोपू नको | आणि घसा बसला तर | गप्प बस | जे तिला | जमायचं नाही.’

लोभ आहेच, अक्षर सुधारलंस तर वाढेल.

तुझा
मामा


२३ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी पट्टी धरून लिहितेय, ओळी बघा.

सकाळी दोरीवरच्या उड्या मारत गायचं, दुपारी बसून गायचं, संध्याकाळी नाचत, संवाद म्हणत, टोपल्या उचलत गायचं. आमच्या गाण्याच्या बाईंना आम्ही बरगडी बाई म्हणतो, कारण त्या गाणाऱ्याच्या बरगड्यांत बोटं खुपसून श्वास कुठवर गेला ते बघतात. सगळ्यांच्या अंगावर त्यांच्या बोटांचे वळ आहेत.

माझी गाडी शेवटच्या गाण्यावर अडली होती. नाटकातली आई मुलीला परगावी पाठवते आणि पाठवताना गाते. तिला दम नाही, पण गाणं तर पूर्ण व्हायला हवं. दम नाही हे दाखवायला दुप्पट दम लागतो, असं बाई म्हणतात. मी आपली एक ओळ गायची, मग खोकायची. दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले की ही आजारी वाटत नाही, सभेत घसा साफ करणाऱ्या अध्यक्षांसारखी वाटते. सगळे हसले. मीही हसले आणि मग कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले.

त्याच दिवशी तुमचं पत्र आलं. गंमत म्हणून मी आईचा निरोप त्या गाण्याच्या चालीत बसवला आणि तुम्ही दंड घातलेत तिथे तिथे थांबले. मामा, पियानोवाल्याचे हात थांबले. दिग्दर्शक खुर्चीतून उठून रंगमंचाजवळ आले आणि पुन्हा म्हण म्हणाले. आता गाण्याचे शब्द तेच ठेवलेत, थांबे सगळे आईचे.

म्हणून हात जोडून मागणं, की दर पत्रात आईची थोडी वाक्यं दंडांसकट पाठवा. तिला सांगू नका, नाहीतर ती मुद्दाम छान बोलायला लागेल. आणि तिचा खोकला अजून कसा गेला नाही?

लोभ ठेवा, वळ जातील तेव्हा जातील.

तुमची
भोंगा


९ डिसेंबर

चि. भोंगा,
अ. उ. आ.

इतकी वर्षं संस्कृत शिकवलं. माझ्या विद्येचा कोणाला काही उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ. शाळेत मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मोकळा तास आहे म्हणून मला चित्रकलेच्या वर्गावर पाठवलं.

तू ज्याला थांबा म्हणतेस त्याला आमच्यात यति म्हणतात. श्लोक म्हणताना जीभ जिथे विसावते ती जागा. चांगला कवी ती शब्दाच्या शेवटी आणतो. ती शब्दाच्या पोटात आली, म्हणजे अर्धा शब्द अलीकडे आणि अर्धा पलीकडे पडला, तर त्याला यतिभंग म्हणतात, आणि तो दोष समजतात. पोरांचे मी त्याबद्दल गुण कापतो.

तुझ्या आईपासून काही लपत नाही, त्यामुळे तुझं पत्र तिने उशाखालून काढून वाचलंच. हसली. हसण्याचा खोकला झाला आणि मला खिडकी उघडावी लागली. आता निरोप सांगायचा असला की ती आधी भिंतीला पाठ लावून नीट बसते, मला पेन हातात घ्यायला लावते आणि मग बोलते. आपल्यामुळे नाटक चाललंय असा तिचा समज झाला आहे आणि तो मोडायची माझी छाती नाही.

डॉक्टर येऊन गेले. तीन जिने चढून त्यांनाच धाप लागली होती. आधी त्यांना पाणी दिलं. बाकी ठीक आहे.

निरोप असा: ‘मला का | ही झालेलं ना | ही | तू ता | लीम सोडू न | को | मी ये | ईन बघा | यला.’

दंड मोजूनमापून घातले आहेत. त्यात मी कधी लबाडी करत नाही.

लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा
मामा


१८ डिसेंबर

ती. मामांस,
शि. सा. न.

आज तालमीत मी तुमच्या पत्रातले थांबे घेतले. दुसऱ्या कडव्यात बरगडी बाईंनी पियानो बंद करायला लावला. मला वाटलं, आता शाबासकी. त्यांनी माझ्या बरगड्यांवर हात ठेवला आणि विचारलं, हे कोणाचं आहे. मी म्हटलं आईचं. त्यांनी विचारलं, ती बोलायच्या आधी बसते का. मी म्हटलं हो, मामांनी लिहिलंय, भिंतीला टेकून. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. त्यांचा भाऊ असाच बोलायला लागला होता, असं त्या म्हणाल्या. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की घरी जा.

मग मी त्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून पूर्ण गाणंभर तसाच श्वास घेतला, तुमच्या दंडांप्रमाणे, एकही जास्तीचा न घेता. बोटं गार पडली, डोळ्यांपुढे काळं आलं. मामा, मी ते एका गाण्यापुरतं केलं. आई ते दिवसभर करतेय.

‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य तुम्ही इतके तुकडे करून लिहिलंत आणि खाली ‘बाकी ठीक आहे’ असंही लिहिलंत. तुम्ही मला सांगत होतात की लपवत होतात? तुमचा राग येतोय आणि रागवायला वेळ नाही.

मी निघाले. भूमिका जिला मिळायची तिला मिळो. बहुतेक ह्या पत्राआधी मीच पोचेन.

भोंगा


१९ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इथे आल्यापासून तुम्हाला लिहिलं नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं. तुम्हीही लिहिलं नाहीत. घर आवरलंत का? आईच्या बाजूची खिडकी उघडी ठेवता का?

एक गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते म्हणून तुम्हालाच लिहिते. मी घरी आले तेव्हा आई माझ्याशी बोललीच नाही. रागाने की दमाने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी केस विंचरले, पाणी दिलं, ती भिंतीकडे बघत राहिली. मग त्या दुपारी औषधवाला खालून ओरडला की विद्यालयातून फोन आहे. नव्या मुलीला गाणं झेपत नाही, मी परत येणार का, हो की नाही, आत्ता सांगा. मी ‘नाही’ म्हणून सांगणार होते. आई उठून बसली. स्वतःहून. दाराकडे बघून ‘जा’ म्हणाली. मी धावत खाली गेले आणि हो म्हटलं. वर आले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात.

काल पहिला प्रयोग झाला. लोक रडले. बरगडी बाई पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. गावोगाव खेळ करणाऱ्या एका कंपनीचे मालक आले होते. त्यांनी वर्षभरासाठी बोलावलंय, हीच भूमिका, हेच गाणं, रोज संध्याकाळी. रोज मी तिचा श्वास काढायचा, पैसे देऊन आलेल्या लोकांसमोर. हे मी करू शकते, कारण तिने जा म्हटलं. शेवटचा शब्द तिने मला दिला आणि तो जा होता. मामा, मी त्या एका शब्दावर उभी आहे.

पण काल शेवटच्या ओळीत माझा आवाज शब्दाच्या मधेच आपोआप तुटला, तुमच्या त्या पत्रातल्यासारखा. आणि उभ्या उभ्या माझ्या मनात आलं की तेव्हा आईच्या तोंडून एकही शब्द अखंड येत नव्हता. ‘तालीम’सुद्धा दोन श्वासांत यायचा. मग ‘जा’ पूर्ण होता का?

मी जिन्यात होते. खोलीत तुम्ही होतात. तो शब्द दंड घालून मला पाठवा. कंपनीला उत्तर मी त्यानंतरच देणार आहे.

लोभ करा, पण माझ्यावर दया करू नका.

तुमची
भोंगा


३ मार्च

चि. भोंगा,
अ. उ. आ.

खिडकी उघडी असते. घर आवरलेलं नाही. कारखान्यातून दोन बायका येऊन गेल्या. त्या दोघीही जिना चढून पायरीवर बसल्या आणि मग बोलल्या. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या बोलण्याकडे कान देऊ नये म्हणून उगाच भांडी वाजवत बसलो.

तुझ्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिलं होतं. सुरेख उत्तर होतं. ‘जा’ आणि पुढे दोन दंड, श्लोक संपल्यावर घालतात तसे. खाली दोन ओळी धीराच्या. पाकीट चिकटवलं आणि शाळेत जाताना पेटीत टाकायला घेतलं. पेटीपाशी गेलो आणि परत आलो.

तू विचारलं होतंस की मी सांगत होतो की लपवत होतो. ताईने माझ्याकडून वचन घेतलं होतं, भोंग्याला काही कळता कामा नये. ते वचन शब्दांचं होतं; दंडांचं तिने घेतलं नव्हतं, तिला ते सुचलं नाही. मला सुचलं होतं की नाही, हे मी स्वतःला अजून विचारतो आहे. पण शब्द खोटे पाठवले तेव्हा दंड तरी खरे होते. आता दोन्ही खोटे पाठवावेत, इतका मी शिकलेला नाही.

तर ऐक. तू दाराबाहेर पडलीस. तुझ्या चपला जिन्यात वाजत होत्या. ताईने श्वास घेतला आणि त्या श्वासावर ‘ऊ’ आला. स्पष्ट, दीर्घ. मी जवळ सरकलो. तिने आणखी एक श्वास घेतला. गळ्याखालचं हाड वर गेलेलं मी पाहिलं. त्यावर काही आलं नाही.

म्हणजे असं: ‘जा | ऊ |’

पुढे काय होतं ते तुला हवं आहे तसं मलाही हवं आहे. जाऊ नको, असेल. जाऊ दे, असेल. ते मग तुला नव्हे, मला म्हटलेलं असेल, कारण मी तुला अडवायला अर्धा उठलो होतो. किंवा जाऊन ये. तिची नजर दाराकडे होती, आणि ती तिन्हीला चालते. मी तिचा आवाज, तिचा चेहरा, सगळं घोळवून पाहिलं. समस्यापूर्ती म्हणून एक खेळ आम्ही वर्गात खेळतो, श्लोकाचा तुकडा द्यायचा आणि उरलेला पोरांनी जुळवायचा. परवा धड्यात तो आला. मी पुस्तक मिटून पोरांना मैदानात सोडलं.

आणि हेही लिहितो, कारण नंतर धीर व्हायचा नाही. ‘ऊ’ ऐकल्यावर मी तुला हाक मारू शकलो असतो. तू पहिल्याच वळणावर होतीस. मी मारली नाही. वाटलं, तू फोन घेऊन येईपर्यंत ती शब्द पुरा करेल.

कंपनीला काय कळवायचं ते ह्यातून निघत नाही, हे मला दिसतं. तू आधार मागितलास आणि मी त्यातला अर्धा काढून घेतला. पण रोज संध्याकाळी परक्या गावात तू त्या शब्दावर उभी राहणार, आणि तो अर्धा आहे हे फक्त मला ठाऊक असणार, हे माझ्याने सोसवलं नसतं. रागव. ह्या खेपेला तुला वेळ आहे.

तिला काय म्हणायचं होतं ते मी सांगू शकत नाही. मला विचारलंस तर मी म्हणेन, जाऊन ये. पण ते वाक्य माझं आहे. तिच्या नावावर ते लावून घेऊ नको.

लोभ कमी झाला तरी पत्र लिहीत जा, अक्षर कसंही असो.

तुझा
मामा