गुरुवारची तळमजल्याची खोली

सोम. ८ फेब्रु. ९९, राहाता
ताईनं आज दिवसभर शिर्डीच्या स्टँडवर बसवलं. वाटलं, कामावरून काढलं.
विजूताई म्हंजे आमची कंपनी. मी म्हंजे उरलेली कंपनी. गिरणीच्या वरची खोली, दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर पीठ.
काम काय, तर गाडीतनं उतरनारी मानसं लॉजवाल्यांच्या पोरांना पयलं काय विचारतात ते ऐकायचं. मला वाटलं भाडं. न्हाई. गरम पानी कुठवर असतं, अन् म्हातारं बरोबर असलं तर जिना किती.
येऊन सांगितलं. ताईनं गंगाधरशेठच्या लॉजचं इंटरनेटसाठी केलेलं पान उघडलं. वर 'भव्य' अन् 'सुस्वागतम्' हुतं, ते उडवलं. गरम पानी वर, त्याखाली तळमजल्याची खोली.
"पव्या, गिऱ्हाईक विचारतंय त्याचं उत्तर आधी. शेठचा फोटो मागनं."
धा वर्षं शाळेत बसलो, असं कुनी सांगितलं न्हाई.

बुध. १० फेब्रु.
शेठला पान दाखवलं, फ्लॉपीवरनं. फोनची लाईन ऐन वेळी मरती म्हनून ताई इंटरनेट लावून दाखवतच न्हाई.
मी गंमत केल्ती. शेठच्या फोटोवर टिचकी मारली की बोकड ओरडतो. काढायचं राहिलं. शेठनं नेमकी तिथंच मारली.
ताई शांत. "आवाज बी बसवता येतो शेठ. हा नमुना. तुमी म्हनाल तर आरतीचा बसवू."
शेठनं बायकोला बोलावून चारदा बोकड ऐकवला. पान चढवायला हो म्हनले, मार्चअखेर बघू म्हनले.
बाहेर आल्यावर पाठीत धपाटा. लई लागला.
मार्चअखेरपत्तुर पान बघून कुनी आलं तर शेठ वर्षभर काम देनार. न्हाई आलं तर ताई पुन्याच्या नोकरीला हो म्हननार. वडलांना तसा शब्द दिलाय. मग गिरणीच्या वर मी अन् पीठ.

मंगळ. ९ मार्च
मेल आला. सिकंदराबादचं कुटुंब, आजी धरून पाच जन. १८ च्या गुरुवारी येनार, मनमाडला रेल्वेतनं उतरून. 'तुमी लिहिलीय ती तळमजल्याची खोली, आजीसाठी.'
ताईनं तीनदा वाचला. मी खाली जाऊन गिरणीवाल्याला मिठी मारली. तो पांढरा, मी बी पांढरा.

बुध. १० मार्च
शेठ म्हनले, "गुरुवारी खोली राखून? समोर उभा राहील त्याला खोली. बापापासनं चालत आलंय."
"शेठ, मेल आलाय."
"मेलला आंघोळ घालू का?"
गल्लीतला समोरचा लॉजवाला सगळं ऐकत हुता. बाहेर गाठलं. "माझ्याकडं पाठवा, मी राखतो. वर माझं बी पान करा."
मी म्हनलं, झालं आपलं काम. ताई म्हनली, "न्हाई जमनार. एका गल्लीत एकाच लॉजचं पान. शेठला शब्द दिलाय."
"ताई, पन शेठ कुठं ऐकतोय?"
"शब्द मी दिलाय ना."
मला नसतं जमलं.

गुरु. १८ मार्च, शिर्डी स्टँड
वही हापिसात राहिली. पाटीच्या मागं लिहितोय.
सकाळी ताई पिशवी घेऊन शेठच्या काउंटरला. "शेठ, समोर उभी हाय. तळमजल्याची खोली द्या."
शेठनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पिशवीकडं. बापाचा नियम. चावी द्यावी लागली.
"पोरी, ते न्हाई आले तर?"
"तर गरम पान्यानं आंघोळ करीन अन् पुन्याला जाईन."
शेठ हसले न्हाईत.
मी निघालो तवाच गर्दी अशी की लॉजची पोरं गिऱ्हाईक घेऊन खोलीच्या दारात येत हुती, अन् दारात ताई खुर्ची टाकून बसलेली. मी हितं, सिकंदराबादवाल्यांच्या नावाची इंग्रजी पाटी घेऊन. मनमाडच्या दोन गाड्या गेल्या. आज्या लई उतरल्या. पाटीकडं कुनी बघितलं न्हाई.
उन्हात सावली पडली म्हनून वर बघितलं, तर शेठ. काउंटर सोडून. गुरुवारी.
म्हनलं, "काय झालं शेठ?"
"काय न्हाई. मनमाडची गाडी किती वाजता?"
आता तिसरी वळतीय. गाडीच्या दारात एक म्हातारी दांडा धरून उभी हाय, मागनं कुनीतरी तिची पिशवी धरलीय. शेठ माझ्या कोपराला ढोसतायत.
"लिहिनं बंद कर रं, पाटी उलटी हाय."