आखाजीची मॅच

आबा,

मला शेठच्या मुलीचा अजून हेवा वाटतो. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवून मी पोट भरते, आणि तरी त्या एका बाईचा विषय निघाला की माझं तोंड कच्ची कैरी चावल्यासारखं होतं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की तुमच्यासाठी आता रडू येत नाही. तिच्यावरचा जळफळाट मात्र ताजा आहे, रोज दूध घातल्यासारखा.

तुम्ही पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होतात. वाफेनं छाती भरून यायला लागली तेव्हा शेठनं तुम्हाला मोकळ्या हवेचं काम दिलं. नव्वदच्या दशकातले ते दिवस. सुरतेच्या कापडवाल्यांना तेव्हा गोल्फचा नवा नाद लागला होता. कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून, त्यांनी छोटंसं मैदान करून घेतलं होतं. तुम्ही घरी येऊन सांगितलंत की उद्यापासून शेठच्या मुलीची काठ्यांची पिशवी उचलायची, तिचा कॅडी व्हायचं. माय भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तिले हात नहीत का?"

हात होते. गोरेपान होते, आणि एका हातात पांढरा मोजा होता. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती माझ्याच वयाची निघाली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, हा मला पहिला अपमान वाटला. दुसरा अपमान म्हणजे ती चांगली होती. शेठच्या मुलीनं कसं, जरा नाक उडवावं, नोकराला अरे-तुरे करावं, म्हणजे आपल्यासारखीला तिचा रीतसर तिरस्कार करता येतो. ही तुम्हाला काका म्हणायची. उन्हात स्वतःच्या बाटलीतलं पाणी आधी तुम्हाला द्यायची. अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

बाकी मैदानावर तिरस्काराला माणसांची टंचाई नव्हती. आमच्या नवागामच्या गल्लीतली निम्मी पोरं तिथे कॅडी होती, त्यांच्याकडून मला सगळे किस्से मिळायचे. एक साडीवाले शेठ चेंडू झुडपात गेला की "साप, साप" म्हणून सगळ्यांना मागे ठेवायचे आणि आत जाऊन बुटानं चेंडू मोकळ्यावर आणायचे. त्या झुडपाइतके साप सगळ्या सुरत जिल्ह्यात नसतील. दुसरे एक फटक्याआधी अंबामातेचं नाव घ्यायचे आणि फटक्यानंतर कॅडीच्या आईचं. माझ्या पुढच्या सगळ्या लिखाणाचं भांडवल तिथलंच आहे. पण ते मला पोरांनी दिलं. तुम्ही घरी आल्यावर हातपाय धुवायचात, जेवायचात आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचात.

आणि तिथे? तिथे तुम्ही बोलायचात. एकदा तुमचा डबा द्यायला आले होते तेव्हा लांबून पाहिलं. ती आणि तुम्ही हिरवळीवरून चालताय, तुम्ही हात हलवून काहीतरी सांगताय, ती हसतेय. मग ती चेंडूजवळ थांबली. तुम्ही खाली बसून जमिनीचा उतार पाहिलात, हळूच काहीतरी म्हणालात आणि बाजूला सरकलात, तिच्या चेंडूच्या वाटेत तुमची सावली पडू नये म्हणून. ओला टॉवेल घेऊन तिच्या काठीचं लोखंड असं पुसलंत, जसं माझं तोंड कधी पुसलं नसेल. मी डबा झाडाखाली ठेवून परत आले. भाजीत मीठ कमी होतं, ते सांगायचं राहिलं.

त्या खेळाचा एक नियम आहे, तो तेव्हा कळला. खेळणाऱ्यानं सल्ला मागायचा तो फक्त स्वतःच्या कॅडीकडे. समोरच्याच्या कॅडीला काही विचारायचं नाही आणि त्यानं काही सांगायचं नाही. मला वाटलं, आमच्या घरात हाच नियम चालू आहे. तुम्ही दुसऱ्याचे कॅडी, आम्ही समोरची पार्टी.

मग ती आखाजी आली, आमची अक्षय्य तृतीया. आखाजीला आमची सगळी खान्देशी माणसं गावाला जातात, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, म्हणून मिल बंद. मिल बंद म्हणून शेठ मोकळे, आणि शेठ मोकळे म्हणून त्यांनी त्याच दिवशी मॅच ठेवली. पिशव्या उचलणारी पोरंही त्याच गाड्यांत बसून धुळ्या-नंदुरबारला गेली असतील, हे एवढ्या हुशार व्यापाऱ्यांच्या लक्षात आदल्या दिवशी आलं. शेठच्या मुलीला तुम्ही होतात. तुम्ही मायला सांगून टाकलं होतंत की या आखाजीला गावाला जायचं नाही. मायनं नुसती भांडी जोरात घासली. शेठच्या मुलीची गाठ होती डोळ्यांच्या डॉक्टरच्या बायकोशी, आणि त्या मॅडमकडे पिशवी उचलायला कुणीच नव्हतं. तुम्ही मला म्हणालात, चल.

आखाजीला लेकीचे लाड करायचे असतात, आबा. मी मॅडमची पिशवी खांद्यावर घेतली.

सकाळीच ऊन चढलं होतं. पहिल्या काही होलना मी नुसती चालत होते. पुढे एके ठिकाणी मॅडमचा चेंडू खड्ड्यापासून बराच लांब होता. अशा वेळी कॅडीनं खड्ड्यातली झेंड्याची काठी धरून उभं राहायचं, आणि चेंडू जवळ आला की काढून घ्यायची. एवढं मी बघून शिकले होते. पण चेंडू मारण्याआधी काठी जराशी पिळून मोकळी करून ठेवायची असते, नाहीतर ती अडकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काठी धरताना मी तुमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, अशीच धरायची ना? तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात. म्हणालात, "आज तू त्यासनाकडनी शे. माले इचारू नको."

आज तू त्यांच्या बाजूची आहेस. मला विचारू नकोस. सख्ख्या बापानं.

मॅडमनी चेंडू मारला. सुंदर मारला, झक मारत कबूल करते. चेंडू वळण घेत खड्ड्याकडे आला, मी काठी ओढली, ती हलेना. पुन्हा ओढली. चेंडू टक्कन काठीवर आदळला. धरलेल्या काठीला चेंडू लागला की त्या होलचा डाव हरला, असा नियम. शेठच्या मुलीला तो फुकटात मिळाला. मॅडम माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "तेरे बाप ने घर में कुछ नहीं सिखाया?"

कुणी हसलं नाही. शेठची मुलगी खाली बघत होती. तुम्ही टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलात. मी वाट पाहिली. तुम्ही पुढच्या होलकडे चालायला लागलात.

त्यानंतर मी प्रत्येक काठी अशी पिळली की खड्डाच वर यावा. शेवटच्या होलला दोघी बरोबरीत आल्या. मॅडमनी आपला चेंडू खड्ड्यात घातला. शेठच्या मुलीचा राहिला होता तो जेमतेम हातभर लांब. तुम्ही तिच्याजवळ वाकून काहीतरी सांगितलंत. तिनं मारला. चेंडू खड्ड्याच्या डाव्या कडेनं सरळ निघून गेला. मॅडम जिंकल्या आणि मला सुरती मिठाईचा, घारीचा डबा दिला. शेठची मुलगी तुम्हाला सॉरी काका म्हणाली. मी मनात म्हटलं, बरं झालं. घरी आलो, मायनं आमरस वाढला. तुम्ही जेवलात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात.

यावर माझा हिशेब मिटला होता. बाप परक्या पोरीचा, पोर समोरच्या पार्टीची. एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मी गोल्फवाल्यांवर एक लेख लिहिला होता, सापवाल्या शेठचा. तिच्या मिलमधल्या कुणा खान्देशी मॅनेजरनं तो तिला वाचून दाखवला, आडनाव सांगितलं, तिनं नंबर मिळवला. आणि पहिलं वाक्य काय म्हणावं बाईनं? "काय करी राह्यनी?" अहिराणीत. माझी मुलं हिंदीत शिंकतात, गुजरातीत खोकतात, आणि शेठची लेक अहिराणी बोलते, तीही तुमच्या हेलात. तुम्ही लहानपणी म्हशीच्या पाठीवर झोपलात आणि म्हैस तुम्हाला घेऊन नदीपलीकडच्या गावात गेली, ती गोष्ट तिनं सांगितली. मला म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच असेल." मी म्हटलं, हो, पाठ आहे. आबा, मी ती गोष्ट जन्मात ऐकली नव्हती.

मग तिनं त्या आखाजीचं काढलं. तिचा आवाज जरा बदलला. म्हणाली, "त्या झेंड्यानंतर काका माझ्याशी बोललेच नाहीत. एकदम शेवटच्या फटक्याला बोलले. डाबी बाजू, म्हणाले. मला सरळ दिसत होतं. ते म्हणाले म्हणून मी डावीकडे मारला." मग म्हणाली, "इतक्या वर्षांत तेवढा एकच चुकला त्यांचा. मला तुमचा फार राग यायचा तेव्हा. मुद्दाम सांगितलं का हो त्यांनी? घरी काही बोलले होते का?"

मी तो दिवस आठवून पाहिला. तुम्ही पहाटेपासून उपाशी होतात. ऊन होतं, डोळ्यांवर घाम होता. छाती धड नव्हती. चूक कुणाचीही होते. आणि नसेलही झाली. तुम्ही घरी काय बोललात हे मला विचारते ती. तुम्ही आमरस आणखी वाढ म्हणालात, बस.

मी म्हटलं, "बोलले होते. पण ते आमच्या घरातलं आहे."

ती हळूच म्हणाली, "बरोबर आहे, तुम्ही मुलगी त्यांची." त्या आवाजात काय होतं ते मला लगेच ओळखू आलं, माझ्याइतकं ते कुणाला येणार.

संपादक म्हणतात वडिलांवर काहीतरी लिहा, वाचकांना आवडतं. हे त्यांना देणार नाही, तिच्याही कानावर जायला नको. तिला वाटू दे की तुम्ही त्या रात्री उठून बसलात आणि मला काहीतरी सांगितलंत. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यापासून मलाही अधूनमधून तसंच वाटायला लागलंय, आणि मी ते खोडत नाही.