बरोबरच्याला बाहेर पाठवा

४ नोव्हेंबर, मंगळवार

घोरला! चक्क घोरला. मी प्रशिक्षणात वेठबिगारीवर बोलतेय — माणसाला कोंडून, धमकावून, त्याची कागदपत्रं काढून घेऊन राबवतात, ते आपण ओळखायचं कसं — आणि शेवटच्या रांगेतला डॉक्टर मान टाकून घोरतोय. हायवेवरच्या कुठल्याशा गावातल्या दवाखान्यातून आलाय. मी त्याचं नाव जांभईराव ठेवलंय.

बाकीचे जागे होते, एवढंच. कारखाने तपासणारे निरीक्षक फोनमध्ये, दोन पोलीस दाराशी गप्पा मारत. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं. मग जांभईराव डोळे चोळत म्हणाले, "सर्टिफिकेट रोजचं वेगळं की शेवटी एकच?"

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोकांना जागं करायला जातेस आणि अंगाई गाऊन येतेस." हसू आलं. पण घसा बसलाय आणि अजून तीन दिवस आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज नाटक करून दाखवलं. मी कामगार, एक पोलीस माझा मुकादम आणि सरकारी रुग्णालयात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर — त्या सिस्टरच. त्यांनी मला विचारलं, काय होतंय? मुकादमाने उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच बोलला. तिथे मी थांबवलं. म्हटलं, हीच खूण. तोंड एकाचं आणि उत्तर दुसऱ्याचं असेल तर बरोबरच्याला बाहेर पाठवा. भांडून नाही — काहीतरी आणायला पाठवा. मगच विचारा.

सिस्टर फणकारल्या, "मॅडम, आमच्या दारात ही रांग असते. नाटकं कोण करणार?"

निरीक्षक म्हणाले, आम्ही विचारतो ना कामगारांना, सगळे खूश असतात. कुठे विचारता? "मालकांच्या केबिनमध्ये. बोलावून घेतो एकेकाला." मालक तिथेच? "त्यांचीच केबिन आहे, ते कुठे जाणार?"

गाढवापुढे वाचली गीता.

जांभईराव झोपले होते, हे वेगळं लिहायला नको.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सिस्टर सकाळची ड्यूटी करून उशिरा आल्या आणि मला जिन्यात ओढलं. म्हणाल्या, एक बाई येते पट्टी बदलायला, सोमवारी आणि गुरुवारी. कापड रंगवायच्या कारखान्यातली. डावा हात मनगटापर्यंत भाजलेला, नखांत निळा रंग मुरलेला. बरोबर एक माणूस असतो, स्वतःला तिचा मामा म्हणवतो. बोलतो तोच. आज सिस्टरनी त्याला केसपेपरवर शिक्का आणायला पिटाळला.

तो गेल्या गेल्या बाई म्हणाली, फोन आणि आधार कार्ड मालकाकडे आहे, रात्री बाहेरून कुलूप असतं, मला सोडवा. आणि म्हणाली, तिकडे येऊन विचारू नका.

काल फणकारलेल्या याच सिस्टर!

ठरलं. सोमवारी ती पट्टीला आली की रुग्णालयातूनच तिला महिला निवासात न्यायचं. ती सुखरूप पोहोचली की मग निरीक्षकांनी कारखान्यावर जायचं, आत बाकीचेही असतील. निरीक्षकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सोमवारपर्यंत गप्प, असं दोनदा बजावलं. मोठ्या मनाने मान हलवली त्यांनी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

संपलं एकदाचं. सर्टिफिकेटं वाटली. जांभईराव पहिले रांगेत. प्रशिक्षण संस्थेचे संचालक खूश — हॉलमधली थंडी सोडून लोकांना सगळं आवडलं म्हणे.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोकं फुटायची वेळ आलीय.

निरीक्षकांचा फोन. आवाजात कौतुकाची अपेक्षा. "मॅडम, चांगल्या कामाला उशीर कशाला, म्हटलं. कालच संध्याकाळी जाऊन आलो. काही नाही हो तिथे. एकही कामगार नाही."

विचारलं, कसे गेलात? नेहमीसारखेच म्हणे. म्हणजे? "आधी मालकांना फोन केला, येतोय म्हणून. नाहीतर फाटक बंद असतं, खेप वाया जाते. पद्धतच आहे तशी."

पद्धत! चोराला सांगून चोरी पकडायला जायची पद्धत! फरशी नुकती धुतलेली होती, रंगाच्या टाक्या अजून गरम होत्या, हेही त्यांनीच सांगितलं. तरी काही वाटलं नाही त्यांना. मी इतकी ओरडले की सासूबाई धावत आल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

ती आली नाही. ओपीडी बंद होईपर्यंत सिस्टर आणि मी बाकावर बसून होतो. उठताना सिस्टर म्हणाल्या, "मी तिला शब्द दिला होता. तुम्ही शिकवलंत म्हणून दिला."

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोलिसांकडे गेलो. बाईचं नाव काय? केसपेपरवर आहे ते 'मामा'ने सांगितलेलं. खरं आम्हाला ठाऊक नाही. मालक म्हणतो, कामच बंद आहे, कामगार आपापल्या घरी गेले. घर कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संचालकांना पुढच्या महिन्यात नवी तुकडी हवीय. मी म्हटलं, मला जमणार नाही. कुणाला शिकवू आणि कशाला?

जेवताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "सगळे घडे काही पालथे नव्हते. सिस्टरनी ऐकलं ना तुझं?" मी ताडकन बोलले, ऐकलं म्हणूनच ती बाई नाहीशी झाली. त्या ताट घेऊन आत गेल्या. मागाहून फार वाईट वाटलं. त्यांचा काय दोष?

२४ नोव्हेंबर, सोमवार

भाजी चिरत होते. अनोळखी नंबर. "मॅडम, मी शेवटच्या रांगेतला डॉक्टर. रात्रपाळी करून यायचो, डोळा लागायचा. बरोबरच्याला बाहेर पाठवा, एवढंच ऐकलंय मी. पाठवलाय, पट्टी आणायला. मामा म्हणतो स्वतःला. बाईचा डावा हात भाजलेला आहे, नखं निळी. आता पुढे काय विचारायचं, तेवढं पटकन सांगा."

हातातली सुरी तशीच होती. म्हटलं, स्पीकर चालू करा. आणि आधी कुणालाही फोन करू नका, कुणालाही.

मी तोंड उघडायच्या आत तिकडून बाईचा आवाज आला, "दाराला आतून कडी लावा."