स्वातीला सांगायचं राहिलं

१४ सप्टेंबर, रविवार. पासाऊ, नदीवरच्या सहलीच्या बोटीवर

राजेंद्रभाऊंचा फोन नेमका बोटीवर चढताना आला. स्वातीचा हा धाकटा भाऊ. नागपूरला असतो, आई त्याच्याकडेच. "गिरिजाताई, आईला काल दवाखान्यात भरती केलं. छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणतात होईल बरी. स्वातीला सांगू नका. आईचा मोबाईल बिघडला म्हणून सांगितलं मी तिला."

का सांगायचं नाही, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक आहे. अजय, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याआधी कितीतरी वर्षं ती त्याच्या उशाशी बसून. गेल्या हिवाळ्यात तिच्या स्वतःच्या हृदयात स्टेंट बसवला. तिला आमच्या लंडनजवळच्या पिनरच्या बाहेर काढायला मला आणि मृणालला वर्ष लागलं. ट्रिप ठरली तेव्हा म्हणाली, "मी गेले तर शेजारणीच्या मांजराला खायला कोण घालणार?" आता मांजराचीसुद्धा सोय झाली आणि आम्ही निघालो.

तर मी मूग गिळून बसायचं. केबिन आम्हा दोघींना एकच आहे. झकास!

१५ सप्टेंबर, सोमवार

पाऊस. चर्च. केक. पुन्हा चर्च.

मृणाल आमची पुढारी. मूळची पुण्याची. बँकेतून रिटायर झाली, पण ऑडिट सुटलेलं नाही. गाईडच्या हातात सात नंबरची पाटी, आमच्या कानात हेडफोन, आणि मृणाल मागून मेंढरं हाकल्यासारखी आम्हाला हाकतेय. "अगं, ग्रुप सेव्हन पुढे गेला! स्वाती, नंतर फोटो काढ!"

जेवताना स्वातीनं पर्समधून आईनं पाठवलेली जवसाची चटणी काढली. बटाट्याच्या गोळ्यांवर भुरभुरली. शेजारच्या टेबलावर लीड्सचे एक आजी-आजोबा, त्यांनाही वाढली. आजोबांना असा ठसका लागला की वेटर पळत आला. स्वाती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अजय आजारी पडल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

राजेंद्रभाऊंचा मेसेज — ताप उतरला. बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मेसेज नाही. स्वाती विचारत होती, "राजूनं फोन दुरुस्तीला दिला असेल ना गं? हा पोरगा महिना लावेल." मी म्हटलं, देईल की. खोटं बोलायला मला इतकं सोपं जातं हे माहीत नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार. व्हिएन्ना

स्वाती आंघोळीला गेली आहे. भराभर लिहिते.

सकाळी गाईडनं एका तळघरात नेलं. इथल्या राजघराण्यातली सगळी माणसं तिथे शवपेट्यांत ठेवलेली. राजे, राण्या, लहान पोरं. स्वाती एका पेटीशी थांबली आणि म्हणाली, "आईनं मला बजावून ठेवलंय बरं का. खांदा तूच द्यायचा. एका बाजूला राजू, एका बाजूला तू. बाबांच्या वेळी मी लंडनमध्ये अडकले, पोचले नाही. आईच्या वेळी पोचणार." आम्हा बौद्धांमध्ये लेकी स्मशानात जातात, खांदा देतात, त्यात नवल काही नाही. पण मला तिच्याकडे बघवेना. मी आपली हेडफोनशी खेळत राहिले.

बाहेर चौकात आलो. घोडागाड्या, टुरिस्ट, ही गर्दी. आणि फोन.

"ताई, आईची तब्येत काही ठीक नाही. स्वातीला सांगा आता. पाठवून द्या तिला. आई तिलाच विचारून राहिली." आवाज बसलेला. मागे माणसांची गडबड.

मी समजले. गेल्या.

आपल्याकडे फोनवर कुणी मरत नाही. माझे बाबा गेले तेव्हा मला पिनरला हाच फोन आला होता — तब्येत बरी नाही, येऊन जा, तुझी आठवण काढतात. मी मुकाट्यानं त्यांच्यासाठी गरम मोजे आणि मऊ बिस्किटं घेऊन गेले. नागपूरच्या विमानतळावर काका उभे, डोळे लाल. घरी पोचले तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. मावशीच्या वेळी तेच. माझ्या सासूबाईंच्या वेळी माझ्या नवऱ्याला, मुरलीला तेच. परगावच्या माणसाला वाटेत धक्का नको म्हणून सगळे असंच सांगतात, आणि ऐकणाराही समजून घेतो. मी राजेंद्रभाऊंना एवढंच म्हटलं, "हो. सांगते."

मृणालला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "अगं, त्यांना स्पष्ट विचार ना, आहेत की गेल्या?"

असं विचारतात का कुणाला! पुणेकर ती पुणेकर.

"मग स्वातीला आत्ता सांग," म्हणाली. "आत्ता."

पण आत्ता सांगून काय होणार? भारतात जायला ओसीआय कार्ड लागतं, ते तिचं पिनरला असणार. म्हणजे आधी घरी जा, मग पुढचं विमान. माणूस तर गेलेलंच आहे. पाठवून द्या म्हणतात, म्हणजे लेकीसाठी अंत्यविधी थांबवून ठेवला असणार. आज रात्री वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. स्वातीनं त्यासाठी मोरपिशी साडी आणली आहे, कालच इस्त्री करून ठेवली. एवढी एक संध्याकाळ तिला मिळू दे. मग पुढचं सगळं आहेच, रडणं, धावपळ, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. उद्या सकाळी चहाबरोबर सांगेन. मृणाल तिकीट काढेल.

आणि खरं सांगायचं तर मलाही ही संध्याकाळ हवी आहे.

पाण्याचा आवाज थांबला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेल्या. आज पहाटे.

आज पहाटे! काल नाही. काल दुपारी त्या होत्या. काल मी त्या चौकात घोडागाड्या बघत उभी होते तेव्हा त्या होत्या, बोलत होत्या, लेकीला विचारत होत्या. राजेंद्रभाऊ जे म्हणत होते ते शब्द न शब्द खरं होतं. त्यात मी माझं शहाणपण घातलं.

उठल्या उठल्या त्यांचा मेसेज वाचला. "आई पहाटे गेली. रात्रभर दाराकडे पाहून राहिली होती. स्वाती निघाली ना? कुठवर आली?"

कुठवर आली! रात्रभर म्हणजे आम्ही सोनेरी खुर्च्यांवर बसलो होतो तेव्हा. स्वाती पायानं ताल धरत होती तेव्हा. मध्यंतरात तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "गिरिजा, तू नसतीस तर मी आलेच नसते गं." मी हातावर हात ठेवला. मनात म्हटलं, किती चांगलं केलं आपण.

ती विमानानं वेळेत पोचली असती का? कदाचित नाही. पण फोन तर लावता आला असता. राजेंद्रभाऊंनी कानाशी धरला असता. "आई, निघाले मी" एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

सांगितलं. मृणालला दाराशी उभं केलं आणि सांगितलं. स्वाती रडली नाही. पर्स ओढली, आतल्या चेनच्या कप्प्यात हात घातला आणि ओसीआय कार्ड काढून पलंगावर ठेवलं.

मी म्हटलं, "हे इथे?"

"ऐंशी वर्षांची आई असली की हे घरी ठेवत नाही कुणी."

मी ते कार्ड तिच्या पर्समध्ये असेल का, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. सगळं मीच ठरवलं होतं. तिची आई मेली हे मी ठरवलं, तिचं कार्ड पिनरला आहे हे मी ठरवलं, तिला आज काय हवं तेही मीच.

कालच्या फोनचं मात्र सांगितलं नाही. मृणाल माझ्याकडे बघत होती. स्वाती राजेंद्रभाऊंना फोन लावायला डेकवर गेली, मी तिची बॅग भरली. मोरपिशी साडी तळाशी घातली.

दुपारचं दोहामार्गे तिकीट मिळालं. टॅक्सीत बसताना म्हणाली, "तुम्ही दोघी ट्रिप पुरी करा हं. उगाच माझ्यामुळे..." मी तिच्याबरोबर जायला हवं होतं. मी गेले नाही. मला भीती वाटली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अंत्यसंस्कार काल संध्याकाळीच उरकले. स्वाती तेव्हा विमानात होती.

राजेंद्रभाऊ लिहितात — "थांबायचं होतं, पण मंडळी ऐकेनात. म्हणाले, बुधवारी कळून जी गुरुवारी दुपारी निघते तिच्यासाठी किती थांबायचं. एका बाजूला मी होतो, एका बाजूला चुलतभाऊ."

हे वाचून दुपारी जेवायला गेले नाही. मृणालला वाटलं बोट लागली.

२० सप्टेंबर, शनिवार. बुडापेस्ट

किल्ला बघितला. कोणता, कुणाचा, काही कळलं नाही. हेडफोनात बाई बोलत होती.

संध्याकाळी बोट पुलांखालून हळूहळू फिरवली. दोन्ही काठांवर दिवे लागले. सगळे वर डेकवर गेले, टाळ्या वाजवत होते. मी केबिनमध्ये बसून राहिले. सफाईची मुलगी रोज दोन्ही पलंग नीट लावते. स्वातीच्या उशीवर आजही टॉवेलचा हंस करून ठेवला होता. एक बाई कमी झाली हे तिला कुणी सांगितलंच नाही.

मृणाल खाली आली. शेजारी बसली. "गिरिजा, मी तिला काही सांगणार नाही. मी सांगायचं नाहीये ते. पण तू सांग. तिला त्या घरात कुणाकडून तरी कळेल, त्याच्या आधी सांग."

मी म्हटलं, तिला आत्तापर्यंत कळलंच असेल.

"मग तर लवकर सांग," मृणाल म्हणाली. बँकेची बाई. तिचा हिशेब सरळ असतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार. पिनर

घरी आले. पत्रं पडली आहेत. हिरवा कचरा न्यायची गाडी चुकली म्हणून मुरली कौन्सिलवर वैतागलेला. त्याला सगळं सांगितलं. नवरा माणूस, समजूत घालायला लागला. "जाऊ दे. तू काही मुद्दाम केलं नाहीस."

मुद्दामच केलं. चांगलं वाटावं म्हणून केलं, पण केलं मुद्दामच. धड रागवायला तरी कुणी हवं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

स्वातीचा मेसेज — "धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की येईन. कुंड्यांना पाणी घाल." बस.

तिला कळलेलं नाही का? की कळलंय आणि ती माझ्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हणून थांबली आहे? रोज तिच्या घरी जाते, पाणी घालते, तिच्या सोफ्यावर बसते. फोनवर सगळं लिहिते आणि पुसते. आज "स्वाती, बुधवारी दुपारी" इथपर्यंत लिहिलं. पुढे काय लिहू? तुझी आई जिवंत होती आणि मी तुला वॉल्ट्झ ऐकवला?

झोप नाही. जेवण जात नाही. आमची ओळख आंबेडकर जयंतीच्या हॉलमध्ये झाली होती, दोघी खुर्च्या उचलत होतो. मला सख्खी बहीण नाही. ती होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

हॅरोच्या हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. बुद्धवंदनेत पंचशील म्हणताना "मुसावादा" पाशी आवाजच फुटेना. खोटं बोलणार नाही, हे आपण दर वेळी म्हणतो. शेजारच्या बाईंना वाटलं घसा बसला. खोकल्याची गोळी दिली.

५ ऑक्टोबर, रविवार

स्वाती आली. वरण-भात घेऊन गेले. केवढी वाळली आहे. केस तेल न लावलेले. बॅग उघडून तिनं एक सुती साडी काढली, मळकट गुलाबी, काठ विरलेले. "आईची आहे. तुला."

मी हातात घेतली नाही. म्हटलं, "स्वाती, थांब. त्या बुधवारी दुपारी..."

"चहा टाकतेस का?" ती म्हणाली. "घरातलं दूध नासलं असेल. तू आणलंयस ना?"

मी चहा टाकला. ती खिडकीशी जाऊन कुंड्या बघत उभी राहिली. साडी मी घरी आणली आहे. कपाटात ठेववत नाही, बाहेरही बघवत नाही. खुर्चीच्या पाठीवर आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

राजेंद्रभाऊंचा फोन. "ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. स्वातीनं इथं सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही तिला बुधवारीच सांगितलं होतं. तिलाच तो गाण्याचा कार्यक्रम सोडवला नाही. काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. पण तुम्ही तुमचं काम केलं, ताई. सांगितलं होतं ना तुम्ही?"

मी "हो" म्हटलं.