दहा मिनिटं चालणारी गाडी

प्रिय गेथिनदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. कार्डिफला तू, वहिनी आणि वहिनींचं मांजर, तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. (मांजराची चौकशी मनापासून आहे.) इकडे पाऊस, मेंढ्या आणि बाबा जागच्या जागी आहेत. बाबांचा गुडघा बरा आहे, भूकही बरी आहे. आजारी आहे ती गाडी, आणि तिच्यामुळे बाबा.

हो, तीच गाडी. तुम्ही दोघांनी चार हिवाळे गोठ्यात बसून जोडलेली, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली, रिव्हर्स गिअर नसल्यामुळे माणसांनी मागे ढकलावी लागणारी. आईला दफनभूमीत पोचवून आल्यावर चहाच्या वेळी, हातात सँडविच धरून, "बाबा, वय झालं आता, विकून टाका ती," असं तू म्हणालास, तीच. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तुम्ही एकमेकांना नाताळचं कार्ड पाठवता आणि त्यात नुसती सही असते, म्हणून बाकीचं मला लिहावं लागतं.

तर आजार असा. मार्चपासून गाडी दहा मिनिटं सुरेख चालते, मग चढावर गचके खाते, मिसिंग मारते आणि चॅपलच्या वळणावर बंद पडते. पहिला आला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आर्वोन. त्याने चारही प्लग बदलले, गाडी फुरफुरत सुरू झाली, त्याने माझ्या मनुकांच्या पावाचे, म्हणजे ‘बारा ब्रिथ’चे, तीन जाड तुकडे लोणी लावून खाल्ले आणि विजयी मुद्रेने घरी गेला. दुसऱ्या दिवशी चॅपलचं वळण. मग आले आपले निवृत्त पाद्री एल्विन. (तरुणपणी ते मोटरसायकलवरून प्रवचनाला जायचे, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत ते स्वतःला बिशप समजतात.) त्यांनी चारही कार्ब्युरेटर उतरवले, साफ केले, एका सुरात लावले. गाडी चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वळण.

"माझे प्लग नवे होते म्हणून तुमचे कार्ब्युरेटर एक दिवस तरी चालले," आर्वोन म्हणाला.

"तुझे प्लग मंगळवारीच देवाघरी गेले, गड्या," पाद्रीबुवा म्हणाले.

"भांडण नंतर करा," बाबा स्टिअरिंगवरून ओरडले, "आधी ढकला!"

असं अकरा आठवडे चाललं. वायरी झाल्या, पंप झाला, एकदा प्रार्थनाही झाली. प्रत्येक उपायाला गुण येई आणि दहा मिनिटांत तो गुण वाहून जाई. खरं सांगू, मला ते बरंच वाटत होतं. आई गेल्यापासून आपल्या घरी एवढी माणसं आली नव्हती.

मग गेल्या गुरुवारी बाबांनी हात धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जूनच्या डोंगरशर्यतीपर्यंत नीट झाली नाही तर विकतो. गेथिनचं बरोबर होतं." तुला हे वाक्य ऐकायचं होतं, म्हणून जसंच्या तसं लिहिलं. पण ते ज्या आवाजात आलं तो आवाज तू ऐकायला हवा होतास. उद्या पाऊस आहे म्हणावं तसं म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

शुक्रवारी मी गाडी एकटीच बाहेर काढली. ठरल्या जागी ती बंद पडली. या गाडीत पेट्रोलचा काटा नाही हे तुला ठाऊकच आहे. बाबा दर वेळी सुरू करण्याआधी झाकण उघडून आईची विणायची सुई टाकीत बुडवून बघतात. सवयीने मीही झाकण उघडलं, आणि टाकीने आत लांब श्वास ओढला. सूंऽऽ असा. अकरा आठवडे तो आवाज होतच असणार, पण तिथे सदैव तीन माणसं एकदम बोलत होती. झाकणातलं हवेचं भोक रंगाने बुजलंय. आत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. झाकण उघडलं की पुढच्या दहा मिनिटांची सोय. प्लग, कार्ब्युरेटर, प्रार्थना, सगळ्यांचं श्रेय त्या सुईला.

मी कुंपणाच्या भिंतीवर बराच वेळ बसून राहिले. आत भरपूर आहे, पण थेंबभर बाहेर येत नाही, अशा एका माणसाबरोबर मी राहते आणि दुसऱ्याला पत्र लिहिते, असं काहीतरी मनात आलं. मग मेंढ्या आल्या, म्हणून उठले.

वहिनींना नमस्कार. उत्तराची घाई नाही.

तुझी,
लोवरी

ता. क. घाई आहे. शर्यत सतरा तारखेला आहे. भोक मी अजून मोकळं केलेलं नाही आणि बाबांना काही सांगितलेलंही नाही. रविवारी जेवणानंतर तू त्यांना फोन कर आणि सांग की झाकण बनवताना तू भोक फारच बारीक पाडलं होतंस, ते बुजलं असेल, चूक तुझी. (हे थोडं खरंही आहे.) गाडी त्यांच्या वयामुळे नाही, तुझ्यामुळे बिघडली, हे त्यांना तुझ्या तोंडून कळायला हवं.

ता. ता. क. झाकणाला रंग मी लावला. मार्चमध्ये, त्यांच्या वाढदिवसाला, हिरवा, दोन हात. मी कबूल केलं तर ते "असू दे गं पोरी" म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. तुझ्यावर मात्र निदान तासभर ओरडतील. दीड वर्षात ते कुणाशी सलग एवढं बोललेले नाहीत. तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.