तक्रारींचा मेलबॉक्स

१ सप्टेंबर, सोमवार

आलो बाई एकदाच्या! कारखान्याच्या कुंपणाला लागून कंपनीने दोन खोल्या दिल्यात. पाणी भरपूर, खिडक्या मोठ्या, आणि फरशी घासली तर चक्क पांढरी निघाली. धाकटी बहीण बरोबर आहे. आईच्या माघारी ती माझ्याच गळ्यात पडलीय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. सामान सोडायच्या आधी तिने जेवायला काय ते विचारलं. खादाड कुठली!

काम माझ्या आवडीचं. डबाबंद मासे आणि सूप करणारी कंपनी, तिचा मेल सर्व्हर माझ्या ताब्यात. कुठे काय अडलं ते सर्व्हर आपणहून इव्हेंट लॉगमध्ये नोंदवतो. ते मी वाचायचं आणि निस्तरायचं. लॉग उघडला तर पिवळ्या त्रिकोणांची ही रांग! एकच इशारा पुन्हा पुन्हा: ‘नोटिफिकेशन पोचलं नाही. मेलबॉक्स भरला आहे.’ शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं. प्रत्येक वाक्याला हो हो करतो, म्हणून मी त्याचं नाव होहो ठेवलंय. तो म्हणाला, त्याकडे कानाडोळा करायची इथे पद्धत आहे. मला नाही जमायचं. ताटाला जरा खरकटं चिकटलेलं दिसलं तरी मला जेवण जात नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं! गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा मेलबॉक्स काठोकाठ भरलाय. तो भरला हे कळवणारं नोटिफिकेशन सर्व्हर त्याच मेलबॉक्सला पाठवतो. ते आत मावत नाही, म्हणून सर्व्हर इशारा नोंदवतो आणि पुन्हा पाठवतो. कसला हा येडेपणा! बरं, मेलबॉक्स भरलेला, म्हणजे नव्या तक्रारी आल्या पावली परत. साहेब मात्र छाती फुगवून सांगत होते की गेल्या कितीतरी वर्षांत आपल्या मालाविरुद्ध एकही तक्रार नाही. मी हसू दाबलं, जागेवर आले आणि मेलबॉक्सची मर्यादा वाढवली. त्रिकोण बंद. आहे काय नि नाही काय!

४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा भरला. तुंबलेलं गटार मोकळं व्हावं तशा तक्रारी येताहेत. यापुढे नोटिफिकेशन कोणातरी जित्या माणसाकडे जावं म्हणून माझा पत्ता घातला. सर्व्हर दुसराही पत्ता मागतो. पहिल्याकडे जागा नसेल तर त्याच्याकडे पाठवायला. धाकटीचा घातला. तिच्या हातातून फोन सुटतो कधी? नोटिफिकेशनमध्ये तक्रारीची पहिली ओळ दिसते. आजची: ‘झाकण उघडलं तर वर केस तरंगत होता.’ शी!

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दात घासताना जिभेवर काहीतरी वळवळलं. बोटाने ओढलं. केस. ओढतेय, ओढतेय, संपेचना. पांढरा, तेलकट, हातभर लांब. आमच्या दोघींचे केस काळेभोर आहेत. साबणाने जीभ धुतली तरी तेलाची चव जाईना.

दुपारी ऑफिसात फोन वाजला: ‘सुपात नख निघालं.’ आणि बसल्या जागी माझ्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. जाड, पिवळं नख, खाली काळा मळ भरलेला. मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. होहो बघत होता. त्याने निमूटपणे कचऱ्याची बादली माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा कामाला लागला.

८ सप्टेंबर, सोमवार

शिसारी. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. ‘वर बुळबुळीत साय’, ‘आंबलेला वास’, ‘आत अळ्या’. जी ओळ येते, ते तोंडात येतं. अळ्या मेलेल्या नव्हत्या.

तक्रारींच्या मेलबॉक्सची मर्यादा पुन्हा कमी करून पाहिली. तक्रारी परत जात नाहीत, थेट माझ्याकडेच येतात. दोन्ही पत्ते काढायला गेले तर सर्व्हर ऐकत नाही. म्हणतो, ज्याच्याकडे जागा आहे असा कोणाचा तरी पत्ता द्या. शेवटी साहेबांना सांगितलं. त्यांनी नजर चुकवली. म्हणाले, तो मेलबॉक्स भरलेला होता तेच झाकण होतं, तुम्हाला उघडायला कोणी सांगितलं होतं?

९ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून फोन गप्प. तोंड स्वच्छ! किती दिवसांनी पोटभर जेवले. धाकटी मात्र ताट सारून उठली, पोट भरलंय म्हणाली. ही? मी चिडवलं, पण ती हसली नाही. ओठ घट्ट मिटून होती.

१० सप्टेंबर, बुधवार

मीच गाढव! माझाच मेलबॉक्स भरला होता. नव्या माणसाला मर्यादा ती केवढीशी – म्हणून सगळं आता तिच्याकडे – पोरीने सांगितलंसुद्धा नाही. ताई घाबरेल, म्हणे. तिच्या उशाखाली रुमाल मिळाला. केस, नखं, आणि एक किडकी दाढ. तिची नाही.

तिच्या जागी साहेबांचा पत्ता घातला. भरलेला. होहोचा – भरलेला. शिपायाचा, हिशेबनिसाचा, सगळ्यांचे भरलेले. जपून, मुद्दाम भरून ठेवलेत हरामखोरांनी! एकाने तरी मला सांगायचं –

११ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्यांच्यासमोरच तिला उलटी – जे पडलं ते बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि आम्हाला बाहेर –

सर्व्हरची वायर उपटली. होहोने परत लावली. म्हणाला, काढून काही होत नाही, सगळ्यांनी काढून पाहिलीय.

तिचा फोन बादलीत बुडवला. पाण्यातून वाजतोय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तिला श्वास घेता येत नाही. बोटं घालून काढतेय – राखाडी, चिकट गोळे – काढते तेवढे पुन्हा वर येतात. ओठ निळे पडले. डोळे माझ्याकडे.

पहिल्याकडे जागा असेल तर दुसऱ्याकडे जात नाही. पहिली मी.

लॅपटॉप तिच्या पलंगावरच उघडला. माझं नाव. मर्यादा: काही नाही. येऊ दे काय यायचं ते.

दाबलं.

घेतला! श्वास घेतला तिने! रडतेय. रड गं, रड, मोठ्याने रड –

माझा फोन.

केस. नख. पुन्हा केस – थुंकतेय, पण पुरं पडेना – वर्षानुवर्षांचं साचलेलं – ती ताई, ताई करतेय, माझ्या तोंडात हात घालायला बघतेय – लांब हो म्हणायचंय, जीभच हलत –

पुढची ओळ. ‘डबा उघडला आणि आतून बोटं –’

हलताहेत. माझे दात आतून धरून –